बुडीत खाते

माणसाने बँकेत नोकरी खुशाल करावी. पण बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने जुन्या वर्गमित्रांच्या स्नेहमेळाव्याला जाऊ नये, असं माझं अलीकडे ठाम मत झालेलं आहे. कारण अशा मेळाव्यात वर्गणी गोळा करण्याचं काम बिनविरोध बँकवाल्याकडे येतं, आणि शेवटी हिशेबात तेरा रुपये कमी भरले तर ते त्याने आपल्या खिशातून घालायचे असतात, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत असते.

मी बी.कॉम. आहे. सेकंड क्लास. गेली बावीस वर्षं एका बँकेच्या काउंटरमागे बसून मी गिऱ्हाइकांना "पलीकडे विचारा" असं अत्यंत नम्रपणे सांगत आलो आहे. पलीकडे बसलेला माझा सहकारी तेवढ्याच नम्रपणे त्यांना अलीकडे पाठवतो. या तपश्चर्येमुळे अंगावर आलेलं काम पलीकडे कसं सरकवावं, ही विद्या मला पुरती अवगत आहे. तरीही गेल्या मे महिन्यात एक काम माझ्याकडे आलं ते काही केल्या सरकेना. त्या कामाचं नाव होतं डिप.

त्याचं असं झालं. 1994 साली आमची दहावीची तुकडी वेळापुरातून बाहेर पडली. 'बाहेर पडली' हा शब्द शिक्षकांचा. पुढे कोणी पुण्याला गेला, कोणी सोलापूरला, कोणी साखर कारखान्यात चिकटला, कोणी बापाच्या उसात उभा राहिला. मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन जग जिंकायला निघालो आणि फिरून फिरून वेळापुरातच काउंटरला बसलो. मोबाईल आल्यावर या सगळ्या पांगलेल्या मंडळींनी एकमेकांना हुडकून काढलं, आणि तेव्हापासून दर मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी एका मित्राच्या मळ्यात आमचा स्नेहमेळावा भरतो. दुसराच शनिवार का, तर 2015 सालापासून त्या दिवशी बँका बंद असतात, आणि बँक बंद असली की बँकवाला वर्गणी घेऊन हमखास हजर राहतो.

गेली काही वर्षं पुरुषांनी आंब्याच्या झाडाखाली बसून जुन्या मास्तरांच्या नकला कराव्यात आणि बायकांनी शेडमध्ये चुलीपुढे बसून पन्नास माणसांच्या भाकरी थापाव्यात, अशी श्रमविभागणी सुखाने चालली होती. मागच्या वर्षी मात्र एका वहिनींनी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर येऊन विचारलं, "स्नेह तुमचा आणि भाकऱ्या आमच्या, हे कसं काय?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. वर्गातही आमची हीच परिस्थिती असे. अखेर यंदा पुरुषांनी करायचं आणि बायकांनी झाडाखाली बसायचं, असा ठराव झाला. चिठ्ठ्या टाकल्या. एकाला पिठलं आलं, एकाला वांग्याचं भरीत, एकाला मठ्ठा. माझ्या चिठ्ठीत दोनच अक्षरं होती. डिप.

ही चिठ्ठी अर्थातच आमच्या पुण्याच्या संगणकवाल्या मित्राने टाकलेली होती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, एकदम सोपं आहे. क्रीमी हर्ब डिप. पार्टीला लोक तेच करतात. दहा मिनिटांचं काम."

'दहा मिनिटांचं काम' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे कर्जाचा फॉर्म भरायला आलेल्या माणसाला आम्ही हेच सांगत असतो.

"पण डिप म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे असं बघ, ते नुसतं खायचं नसतं. त्यात दुसरं काहीतरी बुडवायचं असतं."

आता मात्र मला सगळं लख्ख समजलं. ज्यात दुसऱ्याचं बुडवायचं असतं अशी खाती मी बावीस वर्षं सांभाळतो आहे.

संध्याकाळी कट्ट्यावर मी सहज म्हणून गेलो, "शनिवारी डिप करायचंय." शेजारी आमचाच एक बागायतदार वर्गमित्र बसला होता. त्याचे कान टवकारले.

"ड्रिप करायलास व्हय? किती एकराला?"

"एकराला नाही रे. पन्नास माणसांना."

"माणसांना कशाला ठिबक? आनि लेका, तुझी जमीन कुठाय?" मग त्याला माझी दया आली असावी. मला बाजूला घेऊन त्याने ठिबकच्या नळ्या, त्यांची जाडी, सरकारी अनुदान आणि त्यासाठी लागणारा सातबारा यांवर अर्धा तास माहिती दिली. ऊस पिकवणाऱ्या मुलखात डिप आणि ड्रिप यांतल्या एका 'र'ला किती किंमत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी ही बातमी फोडली. सौ. म्हणाली, "तुम्ही? स्वयंपाक?" एवढंच. पण त्या दोन शब्दांच्या मधे तिने आमचा वीस वर्षांचा संसार उभा केला. मी तिला आमच्या गावच्या दैवताची आठवण करून दिली. वेळापूर हे अर्धनारीनटेश्वराचं गाव. यादवांच्या काळातलं हेमाडपंती देऊळ, आवारात दगडी कुंड, राजा रामचंद्रदेवाच्या कारकिर्दीतले शिलालेख. सात शतकांहून अधिक काळ ज्या गावाचा देवच अर्धा पुरुष आणि अर्धी स्त्री आहे, त्या गावातल्या पुरुषाने चार दिवस स्वयंपाकघरात जायला काय हरकत आहे?

"देवाचा कुठला अर्धा भाग भांडी घासतो, तेवढं विचारून या," सौ. म्हणाली.

शेवटी कन्या मदतीला आली. तिने मोबाईलवर कृती काढून वाचून दाखवली. सावर क्रीम, मेयोनीज, पार्सली, चाइव्ह्ज आणि डिल. मला ही नावं अमेरिकन वकिलांच्या फर्मसारखी वाटली. पण कन्या हुशार. ती म्हणाली, "बाबा, सावर क्रीमच्या जागी चक्का. वर थोडी साय. मेयोनीज रद्द. पार्सलीऐवजी कोथिंबीर, चाइव्ह्जऐवजी कांद्याची पात. फक्त डिल मिळालं पाहिजे. त्याच्याशिवाय ती चव येत नाही म्हणतात."

दुसऱ्या दिवशी बँकेच्या कामाने अकलूजला गेलो होतो. तिथल्या एका मोठ्या काचेच्या दुकानात शिरून मी रुबाबात विचारलं, "डिल आहे का?"

"आहे ना साहेब," काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साबणावर आहे. तीन घेतले की एक फुकट."

चक्क्याच्या आघाडीवरही पीछेहाटच होती. बुधवारी रात्री मी रंगीत तालीम म्हणून लिटरभर दुधाचं दही बांधलं. मेळाव्यासाठी जुनं फडकं वापरणं बरं दिसणार नाही म्हणून नवीन लाल काठाचा नॅपकिन घेतला, त्यात दही बांधलं, पुरचुंडी खिडकीच्या गजाला टांगली आणि झोपलो. मे महिना. सोलापूर जिल्हा. आमच्याकडे दिवसा पारा बेचाळीसवर जातो आणि रात्री तो खाली उतरायचं विसरतो. सकाळी पुरचुंडी सोडली. चक्का काठाच्या रंगाने गुलाबी झाला होता आणि आंबट तर इतका, की जीभ लावताच माझ्या दोन्ही कानांत काहीतरी वाजलं.

इथे मला आईबद्दल सांगितलं पाहिजे.

माझी आई म्हणजे या बाबतीतलं सर्वोच्च न्यायालय. तिला आयुष्यभर काहीही चालत नसे. भाकरीचा पापुद्रा नीट सुटला नाही, तर चालत नसे. आमटीत गूळ एक खडा जास्त पडला, तर चालत नसे. हॉटेलातलं चालत नसे, शेजारचं चालत नसे, आणि लग्न झाल्यावर पहिली दहा वर्षं सौ.चंही चालत नसे. त्यावरून घरात जे रणकंदन होई त्यात मी आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, आळीपाळीने देवळात जाऊन बसत असू. तीन वर्षांपूर्वी आण्णा गेले. त्यानंतर आईने भांडण नाही केलं, की रडारड नाही केली. तिने फक्त स्वयंपाकघरात येणं सोडलं. पडवीत बसायची. ताट नेऊन दिलं की जेवायची. "कसं झालंय?" विचारलं की म्हणायची, "मला काय, काहीही चालतं."

ज्या वाक्यासाठी सौ. वीस वर्षं आसुसली होती ते वाक्य तिला रोज दोन वेळा ऐकायला मिळू लागलं. आणि एकदा रात्री ती मला म्हणाली, "अहो, आईंनी एकदा तरी माझ्या आमटीला नाव ठेवायला पाहिजे हो. मला भीती वाटते."

तर तो गुलाबी चक्का मी वाटीत घालून आईपुढे नेला. मुद्दामच. म्हटलं, आता तरी बोलेल. तिने बोटावर घेऊन चाखला. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. वाटी खाली ठेवून म्हणाली, "चांगलाय की. मला काय, काहीही चालतं."

मी वाटी उचलून आत गेलो. त्या दिवशी कॅशमध्ये माझे पाचशे रुपये चुकले.

शुक्रवारी दुपारी कन्येचा बँकेत फोन आला. बँकेत फोन आला की मी आधी "सर्व्हर डाऊन आहे" असं सांगतो, सवयच आहे. ती म्हणाली, "बाबा, डिलचा फोटो पाठवलाय. बघा आणि हसू नका."

फोटो बघितला. बारीक, केसासारखी पानं. हिरवीगार काडी. वर पिवळ्या फुलांची छत्री. मी खुर्चीतून अर्धा उठलो. समोरच्या म्हातारबाबांना वाटलं, पेन्शन जमा झाली.

डिल म्हणजे शेपू!

अहो, शेपू! ज्याच्या वासाने आम्ही तिघं भावंडं गल्लीच्या टोकावरूनच मागे फिरायचो तो शेपू. दुपारी खाल्ला तर संध्याकाळपर्यंत प्रत्येक ढेकरेसरशी जो आपली पोच देतो तो शेपू. तिकडे साहेबलोक त्याला डिल म्हणतात, माशावर पसरतात, काकडीच्या लोणच्यात घालतात आणि वर त्याचं कौतुक करतात. साहेबाच्या आणि आपल्या शेपवात थोडाफार फरक असेल, पण कूळ एकच. नाव बदलून आणि टाय लावून आलेला हा आमचा गाववालाच निघाला.

आमच्या घरात शेपू खाणारा माणूस एकच. आण्णा. ते पोस्टात होते. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सायकलच्या हॅन्डलला पेंढी लटकवून ते येत, आणि आई मुगाची डाळ भिजत घातलेली घेऊन वाटच बघत असे. भाजी एका माणसापुरती. बाकीच्यांनी नाक धरून मागच्या दारी जेवायचं. आईसुद्धा शेपू खात नसे, असा माझा समज होता. आण्णा गेले आणि घरात शेपू येणं थांबलं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. आमच्या बँकेत दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने उलाढाल केली नाही की खातं निष्क्रिय होतं. कोणी बंद करत नाही, ते आपोआपच तिकडे जाऊन पडतं. तसं झालं.

संध्याकाळी बँक सुटल्यावर मी शेपूच्या दोन पेंढ्या घेतल्या. तीस रुपये. पेपरात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातल्या, वर कोथिंबीर, त्यावर पात. चोरटा माल आणावा तसा मी घरात शिरलो. पण शेपू हा काही गुप्तदान करण्याचा पदार्थ नव्हे. मी उंबरा ओलांडायच्या आत पडवीतून आवाज आला.

"शेपू आणलास?"

मी उभाच राहिलो. आत सौ. हातातलं काम टाकून दाराशी आली.

"डिपला पाहिजे होता," मी म्हणालो.

"कशाला?"

"म्हणजे... बुडवायला."

आई काही बोलली नाही. तिने हात पुढे केला. मी पेंढी दिली. तिने ती उलटीपालटी करून बघितली, दोरा सोडला, नाकाशी नेली, आणि म्हणाली, "किती दिले?"

"पंधराला एक."

"फसवलं तुला. निम्म्या काड्याच आहेत. सूप आण."

मी सूप आणलं. आई निवडायला बसली. तिची बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, पण चालत होती. निवडता निवडता तिने मला ऐकवलं की, जून काडी घेतली तर कडवट लागतं, फक्त शेंडा घ्यायचा. आणि तुम्ही तिघं ज्याला नाकं मुरडत होता, त्याचेच बाळंतशेपे खाऊन मी तुम्हाला दूध पाजलंय. मी पुढे वाचून बघितलं तर आणखी एक भानगड निघाली. लहानपणी मला जे ग्राइप वॉटर चमच्याने पाजत, ते 1851 साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या माणसाने काढलं, आणि त्यातही शेपूच्या बियांचं तेल होतं. म्हणजे मी शेपवावरच वाढलो आणि पुढे आयुष्यभर शेपवालाच नावं ठेवली. कर्जदारांचं वागणं मला अचानक समजू लागलं.

"दही कशात बांधलंय?" आईने विचारलं.

मी लाल काठाचा नॅपकिन पुढे केला. त्याच्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी तीन वर्षांत पाहिली नव्हती. ती उठली. भिंतीला धरून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात आण्णांच्या धोतराचा धुतलेला तुकडा होता. वापरून वापरून मलमलीसारखा मऊ झालेला.

"चक्क्याला जुनं धोतरच लागतं. नव्या कापडाला खळ असते, पाणी सुटत नाही," ती म्हणाली. जणू ते धोतर याच कामासाठी तिने राखून ठेवलं होतं.

मग जे झालं त्याला मी केलेला स्वयंपाक म्हणता येणार नाही. मी फक्त व्हाउचर पुढे केले, सह्या तिच्या. तीन लिटर म्हशीच्या दुधाचं दही. ते आधी तासभर टांगून मोकळं पाणी जाऊ दिलं. मग पुरचुंडी चाळणीत ठेवली, खाली पातेलं, वर वरवंट्याचं वजन आणि सगळा देव्हारा रात्रभर फ्रिजमध्ये. उघड्यावर टांगलं की उन्हाळ्यात पाणी गळायच्या आधी दही आंबतं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी सव्वा किलोच्या आसपास चक्का हाती आला. पांढराशुभ्र. खाली पडलेलं पाणी मी मोरीत ओतायला निघालो तर आईने असा आवाज टाकला, की शेजारचा कुत्राही बसला. त्या पाण्यात तिने सौ.ला थालीपिठाचं पीठ भिजवायला लावलं. लेजरमध्ये एक पैसा इकडचा तिकडे होऊ न देणारी हेड कॅशियर मला आमच्या बँकेत अजून बघायला मिळालेली नाही.

चक्का पुरणाच्या चाळणीवर घासून घेतला. वाटीभर साय फेटून घातली. शेपू, कोथिंबीर आणि पात धुऊन पंख्याखाली पसरली. पाला ओला राहिला की सगळं पातळ होतं. मिक्सर काढायला निघालो तर हुकूम झाला, "विळीवर चीर. मिक्सरात चटणी होते, आणि शेपू चिडला की कडू होतो." लसणाच्या सहाच पाकळ्या, कारण कच्चा लसूण मुरत गेला की वाढत जातो. मिरपूड. मीठ अगदी शेवटी, वाढायच्या आधी, नाहीतर ते चक्क्याला पुन्हा पाणी सोडायला लावतं. दहा मिनिटांचं काम आम्ही अठरा तासांत उरकलं.

मेळाव्याला डिपबरोबर वेफर आणणार होते. पण बुडवायचं तर त्याला अंगात काही दम पाहिजे. म्हणून आमच्या सोलापूरची कडक भाकरी नेली. ज्वारीची, पातळ थापून, वाळवून कुरकुरीत केलेली. तिचे तुकडे करून ठेवले. पुण्याच्या मित्राने एक तुकडा बुडवला, खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! ऑथेंटिक! डिल कुठून मागवलंस?"

"परदेशातून," मी म्हणालो. "सायकलवरून आलं."

मग त्याने आम्हाला अमेरिकेतल्या रँच नावाच्या डिपची कथा सांगितली. ती खरी आहे, मी नंतर तपासून पाहिली. बँकवाला तोंडी निवेदनावर कर्ज देत नाही. स्टीव्ह हेन्सन नावाचा एक नळकामाचा कंत्राटदार अलास्कात होता. तिथे कामगारांना जेवू घालता घालता त्याला ताक, लसूण आणि पाल्याचं एक कालवण जमलं. पुढे 1954 साली त्याने कॅलिफोर्नियात हिडन व्हॅली नावाचं रँच घेतलं. पाहुणे कालवणावर इतके खूष झाले, की त्याने त्याचा मसाला पाकिटात घालून विकायला काढला. 1972 साली क्लोरॉक्स या कपड्यांचं ब्लीच बनवणाऱ्या कंपनीने तो धंदा 80 लाख डॉलरना विकत घेतला.

सगळे गप्प झाले. ताकाला 80 लाख डॉलर! पालखी जात असताना वेळापूरची अख्खी गल्ली पिंपच्या पिंप ताक फुकट वाटते. तिकडे एकाने पाकीट केलं, इकडे आपण पुण्य केलं. कोणाच्या हिशेबात शिल्लक जास्त, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

तेवढ्यात आमच्या बागायतदार मित्राने चौथा तुकडा बुडवला, हुंगला आणि ओरडला, "आरं, ह्यो तर शेपू!" झाडाखाली हास्याचा कल्लोळ उठला. अर्ध्या जणांनी आपण जन्मात शेपू खात नसल्याचं जाहीर केलं. पण तोवर पातेलं खरवडून झालं होतं. बागायतदार बोट चाटत म्हणाला, "ठिबक मातर झ्याक झालंय."

संध्याकाळी घरी आलो. आईसाठी एक वाटी काढून ठेवली होती. ती पडवीत नव्हती. स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, पुढ्यात वाटी आणि भाकरी. सौ. ओट्याशी उभी होती, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तशी.

"कसं झालंय?" मी विचारलं.

आईने घास खाल्ला. थोडा वेळ गेला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि पात कोणी चिरली? एवढाले तुकडे? असलं चालायचं नाही."

"मीच चिरली, आई," सौ. म्हणाली आणि एकदम वळून नळ सोडला. तिथे भांडं एकही नव्हतं.

मग आईने हळूच एक गोष्ट सांगितली. आण्णांसाठी भाजी केली, की पातेल्याला लागलेलं ती मागाहून भाकरीने पुसून खायची. "कुणाला कशाला सांगायचं? तुम्ही सगळे नाकं धरून बसायचात." चाळीस वर्षं! आणि मी घरातला हिशेबनीस.

आषाढात माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी आली. तीन वर्षं आमच्या घरी वारकऱ्यांची पंगत झाली नव्हती. यंदा आईने आपणहून सांगितलं, बारा माणसं बोलवा. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि लसूण वगळून केलेलं ते. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने बोटाने वाटी दाखवत विचारलं, "माउली, ह्ये काय वाढलंय?"

आईने पदर सावरला. "डिप हाय, माउली," ती म्हणाली. "भाकरी बुडवा आन् खावा."

आता दर बाजाराला घरात पेंढी येते. मुगाची डाळ घालून भाजी होते, आणि मलाही ताटात वाढली जाते. खरं सांगतो, मला शेपू अजूनही आवडत नाही. ढेकर अजूनही संध्याकाळपर्यंत पोच देते. भाजी पुढे आली की मी सौ.कडे बघतो, सौ. माझ्याकडे बघते, आणि आई आम्हा दोघांकडे बघते. मग मी खातो.

मेळाव्याचा हिशेब मी ग्रुपवर टाकला. शेपूच्या दोन पेंढ्यांचे तीस रुपये त्यात लावायचे राहून गेले. मी ते मागितले नाहीत.